भिंतीवरची बंदूक आणि पेटीतला कागद



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते, रोग-किडी यांच्याबद्दल बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. गेल्या महिन्यात दक्षिण कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आले. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेले. पत्र वाचले आणि ठरवले, की या वेळी खोडकिडा थांबू दे, आधी या ताईंना उत्तर द्यायचे.

ताई लिहितात, "आमचे यजमान श्रावणात वारले. घरी त्यांच्या नावाची ठासणीची बंदूक आहे. सासऱ्यांपासून आहे. डोंगराकडेला भात आणि नाचणी, वर काजू. रोज रात्री डुकरे उतरतात. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो बंदूक घेऊन राखणीला जातो. परवा शेजाऱ्यांनी सांगितले, की हा गुन्हा आहे, पोरगा आत जाईल. मला रात्रभर झोप लागली नाही. बंदूक ठेवू की विहिरीत टाकू? पीक वाचवू की पोरगा?"

मंडळी, हा प्रश्न एकट्या या ताईंचा नाही. कोकणात आणि डोंगरपट्ट्यात घरटी नसली, तरी वाडीत एक-दोन बंदुका असतातच. विदर्भ-मराठवाड्यात बंदुका कमी, पण रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास तोच. म्हणून आज आपण शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा कायदा, तिचा परवाना आणि तिच्यापायी घरादारावर येणारी जबाबदारी, हे सगळे सावकाश समजून घेऊ.

आजोबांची बंदूक

आमच्याही घरी अशी बंदूक होती. माजघरात खुंटीला अडकवलेली असे. लांबलचक नळी, शिसवी दस्ता, आणि नळीखाली बसवलेला गज. भात पोटरीला आले, की आजोबा ती खाली काढत, तेलाच्या फडक्याने पुसत आणि संध्याकाळी माळ्यावर जात. आम्हां पोरांना तिला हात लावायची बंदी. दसऱ्याला मात्र नांगर, कोयता, पहार यांच्या ओळीत तीही पाटावर बसे आणि झेंडूची माळ गळ्यात घेई. त्या दिवशी हळूच बोट लावून घ्यायचे, एवढीच आमची मजल.

आजोबांची एक गोष्ट मला आजही आठवते. बंदूक खुंटीवर उघडी असे, पण परवान्याचे पुस्तक कडीच्या पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेले असे. ते म्हणत, "बंदूक चोरीला गेली तर एकदा रडीन, कागद गेला तर जन्मभर रडावे लागेल." तेव्हा हसू आले होते. पुढे नोकरीत गावोगाव फिरताना त्या बोलण्याचा अर्थ कळला. आजोबांची एकच गोष्ट मी आज करायला सांगणार नाही, ती म्हणजे बंदूक उघड्या खुंटीवर ठेवण्याची. त्याचे कारण पुढे येईलच.

हा कायदा आला कुठून?

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारला हिंदी माणसाच्या हातातल्या हत्याराची धास्ती बसली. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली शस्त्र कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार नाही, असा नियम आला. पण युरोपियनांना त्यातून सूट होती. आपल्या पुढाऱ्यांचा राग होता तो या भेदभावावर.

स्वातंत्र्यानंतर तो कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालचे १९६२ चे नियम जाऊन आता २०१६ चे नियम लागू आहेत. २०१९ साली मूळ कायद्यातही मोठी दुरुस्ती झाली. त्यामुळे वडिलांच्या वेळी जे चालत होते, ते सगळे आज चालेलच असे नाही. पुष्कळ घरे इथेच फसतात.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि जुन्या जम्मा जमिनी धारण करणाऱ्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली. भात आणि कॉफी पिकवणारी ती माणसे कैलपोळ्दच्या सणाला बंदुकांची पूजा करतात. आपल्याकडे तशी सूट कोणालाही नाही. बंदूक पणजोबांची असो, गंजलेली असो, वा गेली वीस वर्षे बार न काढलेली असो, परवाना हवाच.

शेतकऱ्यासाठी कायद्यात काय आहे?

पुष्कळांना वाटते, की कायदा म्हणजे नुसते "नाही, नाही". तसे नाही. १९५९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. तिची नळी वीस इंचांपेक्षा आखूड मात्र चालत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. काही तरुण मंडळी विचारतात, "साहेब, शेतीच्या नावावर पिस्तूल मिळेल का?" मिळणार नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचा पीकसंरक्षणाशी काही संबंध नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र आणि सबळ कारण दाखवावे लागते, आणि तपासणीही कडक असते. कमरेला पिस्तूल लावून बांधावर फिरण्याची हौस असेल, तर ती सिनेमात भागवावी.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. ते जिल्हादंडाधिकारी म्हणून परवाना देतात. पोलीस आयुक्तालय असेल तिथे हा अधिकार पोलीस आयुक्तांचा असतो. अर्जाबरोबर सातबारा, आठ-अ, ओळखीचे व राहण्याचे पुरावे, छायाचित्रे लागतात. पोलीस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल जातो. आता प्रत्येक परवान्याची देशपातळीवरच्या नोंदवहीत नोंद होते आणि त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तुमच्या जुन्या पुस्तकावर हा क्रमांक चढला आहे की नाही, ते आजच पाहा. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा. "वीस वर्षांत कोणी काही बोलले नाही" हे उत्तर तपासणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

लहान शेतकऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिले आहे. अर्ज नाकारलाच, तर कारणे लेखी मागा. अपवाद सोडले तर ती मिळतात. त्यावर वरिष्ठांकडे अपील करता येते. अपिलाची मुदत आदेशातच पाहून घ्या आणि ती चुकवू नका.

२०१९ नंतर काय बदलले?

तीन बदल शेतकऱ्याने ध्यानात ठेवावेत.

पहिला बदल संख्येचा. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. आता दोनच. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. तिसरी असेल ती जमा करायला कायद्याने एक वर्षाची मुदत दिली होती, ती डिसेंबर २०२० मध्येच संपली. कोणाच्या माळ्यावर अजून तिसरी नळी पडून असेल, तर "जुनी आहे, मोडकी आहे" म्हणत बसू नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि ती ताब्यात द्यायची वाट धरा.

दुसरा बदल सोयीचा. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाची धावपळ कमी झाली, पण विसरण्याचा धोका वाढला! तीन वर्षांनी येणारी तारीख माणसाच्या लक्षात राहते, पाच वर्षांनी येणारी राहत नाही. माझी सूचना अशी, की मुदत संपण्याची तारीख घराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, आणि दोन-तीन महिने आधीच अर्ज घाला.

तिसरा बदल शिक्षेचा. परवान्याशिवाय बंदूक बाळगली, तर पूर्वी एक ते तीन वर्षे शिक्षा होती. आता ती दोन ते पाच वर्षे आणि दंड अशी आहे. परवाना आहे, पण त्यातली अट मोडली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत हौसेने बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्याह्यांना बार ऐकवायचा असेल, तर ताशेवाले बोलवा.

परवाना एकाचा, बंदूक घराची नव्हे

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे विळा, कुदळ, बैलजोडी ही सगळ्या घराची असतात. बंदूकही तशीच, असे आपण धरून चालतो. बापाचा परवाना, मुलगा राखणीला, कधी गडी राखणीला, असे सर्रास चालते. कायद्याच्या दृष्टीने बंदूक घराची नसते. ज्याच्या नावाचा परवाना, त्याची असते. परवान्यात ज्याचे नाव नाही, त्याच्या हाती ती सापडली, तर तो परवान्याशिवाय बंदूक बाळगणारा ठरू शकतो. आणि देणाराही सुटत नाही.

परवानाधारक वारला, की त्याचा परवाना त्याच्याबरोबरच संपतो. बंदूक आपोआप मुलाकडे जात नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे बंदुकीचीही झाली, असे नाही. अशा वेळी बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. मग वारसांपैकी एकाने, बाकीच्यांची संमती घेऊन, आपल्या नावावर परवाना मागायचा.

आणि वयाची अट पाहा. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. ताईंचा मुलगा एकोणीस वर्षांचा. म्हणजे आज तो कितीही जबाबदार असला, तरी बंदूक त्याच्या नावावर होणार नाही. आणि तो ती घेऊन शेतात जातो, हा दोन ते पाच वर्षांच्या शिक्षेचा मामला आहे. ताई, शेजाऱ्यांनी भीती घातली नाही, खरेच सांगितले.

मग वाट नाहीच का? आहे. नियमांत कायदेशीर वारस म्हणून पत्नी आहे, मुलगी आहे, सूनही आहे. वारस म्हणजे फक्त मुलगा, असे आपण म्हणतो. नियम म्हणत नाहीत. ताई, शेत तुम्ही कसता. तुम्ही स्वतःच अर्ज करू शकता. "बाईमाणसाला काय करायची बंदूक" असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारा, की डुक्कर शेतात शिरताना बाप्याचे शेत की बाईचे, हे पाहून शिरते का?

हयातीतही एक सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, यांतले जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. म्हातारपणी डोळ्यांना कमी दिसू लागते, हात थरथरतो. वडिलांनी वेळेवर ही गोष्ट केली, तर मागे राहिलेल्यांची धावपळ वाचते. आपण जमिनीची वाटणी हयातीत करायला कचरतो, ठीक आहे. पण बंदुकीचा प्रश्न तरी मागे ठेवून जाऊ नये.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

आता दुसरी मोठी चूक. पुष्कळांना वाटते, की शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला म्हणजे शेतात आलेले जनावर मारण्याचा हक्क मिळाला. तसे नाही. बंदूक बाळगण्याचा कायदा वेगळा आणि वन्यप्राण्यांचा कायदा वेगळा. पहिला पाळला म्हणून दुसरा माफ होत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे. नुसते मारणेच नव्हे, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही जनावरांबाबत मात्र ११ व्या कलमात वाट ठेवली आहे. मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला वनाधिकारी, लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही यांचा समावेश अशा जनावरांत होतो. गवा, बिबट्या, हत्ती, मोर हे पहिल्या अनुसूचीतले. त्यांच्या वाटेला जाऊच नका. तिथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. माकडांच्या बाबतीतही वनखात्याला विचारल्याशिवाय काही करू नये. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेले, तर तो गुन्हा धरला जात नाही. पण तशी वेळ खरोखर आली होती, हे दिसले पाहिजे.

परवानगीने मारलेले डुक्करही तुमचे नसते, ते सरकारची मालमत्ता असते. मटणाचे वाटे वाडीत फिरले, की मागोमाग वनखात्याचे लोक फिरतात. वाट्याच्या दोन पावशेरांपायी कोर्टाच्या तारखा भोगणारी माणसे मी पाहिली आहेत.

मग ही बंदूक कशाला? तर मुख्यतः आवाजासाठी. आजोबा दहा रात्रींत नऊ वेळा छऱ्यांशिवाय नुसता दारूचा बार काढत. डुकरांचा कळप तेवढ्यानेच डोंगर गाठी. त्यांच्या परवान्याच्या पुस्तकात बंदूक कोणत्या क्षेत्रात वापरायची तेही लिहिलेले होते. तुमच्याही पुस्तकात असेल. पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या अटी एकदा पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. बहुतेकांनी त्या कधी वाचलेल्याच नसतात.

छऱ्याच्या हवेच्या बंदुकीबद्दलही विचारणा होते. नळी ०.१७७ इंचापेक्षा मोठी असेल, किंवा तिची ताकद २० ज्यूलच्या वर असेल, तर तिलाही परवाना लागतो. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून हे लेखी घ्या. आणि परवाना लागत नसला, तरी तिने पाखरे-माकडे टिपायची मुभा मिळत नाही.

निवडणूक आली की

परवानाधारकांची आणखी एक नेहमीची तक्रार. निवडणूक लागली, की बंदुका ठाण्यात जमा करायचे फर्मान येते. विधानसभेची निवडणूक २०१९ साली ऑक्टोबरात झाली, २०२४ साली नोव्हेंबरात. नेमके भात कापणीला आलेले, आणि बंदूक ठाण्याच्या खोलीत! डुकरांना आचारसंहिता नसते.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सरसकट सगळ्यांच्या बंदुका न घेता प्रत्येक प्रकरण तपासावे, असे धोरण त्यातून आले. २००९ साली निवडणूक आयोगाने तशा सूचना दिल्या. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, यांच्याकडे समितीने प्रामुख्याने पाहायचे असते. तेव्हा ज्याचे नाव स्वच्छ आहे आणि पीक उभे आहे, त्याने निवडणुकीची चाहूल लागताच या समितीच्या नावे साधा अर्ज करावा. सातबारा, पिकाची नोंद आणि मागच्या नुकसानीचा पंचनामा जोडावा. पण आदेश आलाच, तर आधी बंदूक जमा करा, पावती घ्या आणि मग भांडा. निकालानंतर साधारण आठवड्याने बंदूक परत मिळते. ती घेताना नळी, घोडा, दस्ता नीट पाहूनच सही करा.

एका रात्रीची गोष्ट

आता मघाचे राहिलेले सांगतो. बंदूक उघड्यावर का ठेवू नये, आणि अंधारात ती का चालवू नये.

मी नोकरीला नवा होतो. माझ्या हद्दीतल्या एका गावात दोन सख्खे भाऊ राखणीला गेले. शेताच्या वरच्या टोकाला थोरला, खालच्या टोकाला धाकटा. थोरल्याचा परवाना, सगळे रीतसर. मध्यरात्री धाकट्याला तहान लागली. भावाकडे पाण्याची कळशी होती. तो बांधावरून सरळ न जाता नाचणीतून वाकून निघाला. कणसे हलली. थोरल्याने कान दिला, दोनदा "कोण रे?" विचारले असे तो सांगे. वारा उलटा होता. त्याने बार काढला.

धाकटा वाचला, पण एक पाय गुडघ्यापासून गेला. पुढे पंचनामा, कोर्ट, वकील. काजूची बाग गहाण पडली. धाकट्याने कोर्टात भावाविरुद्ध एक शब्द काढला नाही. मी दोन वर्षांनी त्या घरी गेलो, तेव्हा दोघे ओटीवर शेजारी बसलेले होते. थोरल्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, डुकराने सगळी नाचणी खाल्ली असती, तर किती पोती गेली असती? चार?" त्यावर मला काही बोलता आले नाही. आजही येत नाही.

म्हणून मंडळी, हे नियम कायद्याचे नाहीत, माझे आहेत, पण पाळा. जनावर डोळ्यांनी पुरते दिसल्याशिवाय चापावर बोट नको. हलणाऱ्या रोपावर, आवाजावर, चमकणाऱ्या डोळ्यांवर बार नको. राखणीला दोघे असतील, तर दोघे एकाच ठिकाणी बसा. दारू पिऊन बंदुकीला हात नको. भरलेली बंदूक घरात आणू नका. दारू, टोप्या, छरे वेगळ्या कुलपात आणि बंदूक वेगळ्या कुलपात. किल्ली घरातल्या सर्वांत शांत माणसाकडे; बहुतेक घरांत ते माणूस कोण, हे सांगायला नको. आणि ज्या घरात कोणी निराश आहे, कर्जाने खचले आहे, तिथे बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे ठेवून द्या. पिकाचे नुकसान भरून निघते.

बंदूक नसेल तर?

बंदूक नाही म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचा थेट प्रवाह सोडणारे आणि गावठी बॉम्ब पेरणारे लोक आहेत. हे दोन्ही सरळसरळ गुन्हे आहेत. तारेला चिकटून शेजारी मरतो, नाहीतर पहाटे पाणी धरायला उठलेला आपलाच माणूस. बॉम्बने गाईचा जबडा फुटतो. हे करूच नका.

सौर कुंपण घ्या. त्यात थांबून थांबून हलका झटका बसतो, जनावर पळते, मरत नाही. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला मदत मिळते. वनपालाकडे चौकशी करा. वाडीने मिळून पाळीची राखण लावा. एकट्या घराला महिनाभर जागणे झेपत नाही, दहा घरांना झेपते. आणि नुकसान झाले, तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार नोंदवा, पंचनामा करून घ्या, छायाचित्रे काढून ठेवा. भरपाई पुरेशी नसते, हे मला माहीत आहे. पण तोच पंचनामा उद्या परवान्याच्या अर्जाला, डुक्कर मारण्याच्या परवानगीला आणि निवडणुकीतल्या अर्जाला जोडायचा असतो. ज्याच्याकडे कागद नाही, त्याचे नुकसान झालेच नाही, असे सरकारदरबारी धरतात.

ताईंना शेवटचे

ताई, बंदूक विहिरीत टाकू नका. तो दुसरा गुन्हा होईल, आणि उद्या "बंदूक कुठे गेली?" या प्रश्नाला उत्तर राहणार नाही. उद्या सकाळी पोलीसपाटलांना आणि घरातल्या एका जाणत्या माणसाला बरोबर घ्या. बंदूक रिकामी आहे, याची जाणत्याकडून खात्री करून घ्या. परवान्याचे पुस्तक, यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि एक साधा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा. अर्जात खरे तेच लिहा: यजमान वारले, नियम माहीत नव्हता, बंदूक स्वखुशीने जमा करत आहे. मुलाने ती हाताळली, याबद्दल कोणी विचारले, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. तालुक्याच्या विधी सेवा समितीत महिलांना तो मोफत मिळतो. पावती घेतल्याशिवाय उठू नका. मग सवडीने तुमच्या नावाचा अर्ज करा. या हंगामात बंदूक नसेल. डबे वाजवा, शेकोटी करा, शेजाऱ्यांशी पाळी लावा. दोन पोती नाचणी कमी येईल.

मुलाला सांगा, की त्याची राखण वाया गेली नाही. तो शेतासाठी जागला, हे मोठेच आहे. फक्त आता दोन वर्षे त्याने हातात काठी आणि विजेरी घ्यावी.

आणि बाकीच्या मंडळींनी हा अंक खाली ठेवला, की उठून पेटी उघडावी. परवान्याचे पुस्तक काढावे. नाव कोणाचे, ते हयात आहेत का, मुदत कधी संपते, नवा क्रमांक चढला का, एवढ्या चार गोष्टी पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या वेळी पुन्हा आपल्या भातावर येऊ. खोडकिड्याचे राहिले आहे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी